पेन्शनची केस टाकण्याआधी या चुका टाळा

सूतगिरणी, जिनिंग, खरेदी-विक्री संघ, दूध संघ. तालुक्यातल्या अशा संस्थांतून निवृत्त झालेली मंडळी ईपीएस-95 (पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना, 1995) च्या हजार-दोन हजारांवर महिना काढतात. मग कुणीतरी निरोप आणतो, "वर्गणी भरा, पेन्शन वाढवायला नागपूर खंडपीठात केस टाकू." राग रास्तच आहे, पण बऱ्याच जणांची तक्रार त्या केसमध्ये बसतच नाही.

सगळ्यात महागात पडते ती 4 नोव्हेंबर 2022 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अर्धवट ऐकण्याची चूक. "कोर्टाने सगळ्यांना जास्त पेन्शन दिली" हे खरे नाही. या योजनेतली 2014 ची दुरुस्ती न्यायालयाने बहुतांशी कायम ठेवली. 1 सप्टेंबर 2014 पूर्वी पर्याय (मर्यादेऐवजी पूर्ण पगारावर पेन्शन मागण्याचा) न देताच निवृत्त झालेल्यांना फायदा मिळाला नाही. त्या तारखेला नोकरीत असलेल्यांना पर्याय द्यायला चार महिने मिळाले. ती मुदत वाढत वाढत 11 जुलै 2023 ला संपली. आपण यातल्या कोणत्या गटात बसतो ते आधी बघा, वर्गणीची पावती नंतर फाडा.

आपली पेन्शन किती पगारावर धरली आहे ते बघायला पीएफचे पासबुक पुरते. पेन्शनच्या रकान्यात दरमहा 541 रुपये दिसले, तर मालकाने पगाराच्या 6,500 च्या मर्यादेवर 8.33 टक्के भरलेत. 1,250 दिसले, तर 15,000 वर. पगार 22 हजार असला तरी पेन्शन या मर्यादेवरच निघते. महिनेच्या महिने रकाना कोराच असेल, तर मात्र भांडण बहुधा मालकाशी आहे. त्यासाठी पीएफ कार्यालयाकडे थकबाकीची चौकशी मागायची असते, उच्च न्यायालयात रिट याचिका नव्हे. संस्था बंद पडली असेल, तर हजेरीपट आणि पगारपत्रके अवसायकाकडे (संस्था गुंडाळायला नेमलेला अधिकारी) मिळतात का ते बघा. त्यांना वाळवी लागण्याआधी नकला काढून ठेवा.

दुसरी चूक चुकीच्या माणसाला प्रतिवादी करण्याची. किमान पेन्शन 1,000 रुपयांवरून वाढवणे पीएफच्या विभागीय कार्यालयाच्या हातात नाही, तिथल्या बाबूवर ओरडून घसाच बसतो. पीएफ फंडाचा कारभार केंद्रीय विश्वस्त मंडळाकडे आणि योजना बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. योजनेलाच आव्हान द्यायचे तर केंद्र सरकार प्रतिवादी हवेच. सेवेतली साधी कुचराई असेल, उदाहरणार्थ दावा महिनोन्‌महिने पडून आहे, तर जिल्हा ग्राहक आयोग जवळचा. पीएफ सदस्य हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने शिवकुमार जोशी प्रकरणात मान्य केले आहे. तिथे मुदत दोन वर्षांची.

खिडकीवर तोंडी "नाही होत" ऐकून वकिलाकडे जाऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, कारणांसह लेखी उत्तर मागा. त्या कागदाशिवाय खंडपीठात बहुधा "आधी निवेदन द्या" एवढेच ऐकून परतावे लागते आणि गाडीभाडे अंगावर पडते.

1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी या केसमध्ये सही करू नये. त्यांची योजनाच वेगळी, भांडण राज्य सरकारशी.

ज्यांचा पर्याय मंजूर होतो, त्यांना मर्यादेवरची आणि पूर्ण पगारावरची पेन्शन-वर्गणी यांतला फरक व्याजासह भरण्याचे मागणीपत्र येते. निवृत्त माणसाने पीएफ तर केव्हाच मुलीच्या लग्नात नाहीतर बोअरमध्ये घातलेला असतो. कर्ज काढून भरण्याआधी पेन्शन नेमकी कितीने वाढेल ते कार्यालयाकडून लेखी घ्या आणि घातलेले पैसे किती वर्षांत निघतील, याचा हिशोब घरी बसून करा.