क्रूझवर केबिनची सेवा आणि टिप: या चुका टाळा

मुंबईहून गोव्याला जाणारी दोन-तीन रात्रींची क्रूझ असो, सिंगापूरहून निघणारी असो की मायामीहून कॅरिबियनला जाणारी, केबिनबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. खोली वेळेवर आवरली नाही, एसी गार होत नाही, फ्लश चालत नाही आणि शेवटी बिलात परस्पर टिप लावली. यातल्या बऱ्याचशा गोष्टी पहिल्या संध्याकाळी पाच मिनिटं बोलून आणि बुकिंगची पावती नीट वाचून टाळता येतात.

स्टुअर्डला गाठायची वेळ चुकते

जहाज ज्या दिवशी तुम्हाला घेतं, त्याच दिवशी सकाळी आधीचे दोन-तीन हजार प्रवासी उतरलेले असतात. एका केबिन स्टुअर्डकडे, म्हणजे खोल्या आवरणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, साधारण पंधरा-वीस केबिन असतात, कधी जास्तही. त्या सगळ्या त्याला तीन-चार तासांत धुऊन-पुसून नव्या माणसांसाठी तयार करायच्या असतात. म्हणून केबिन बहुतेक ठिकाणी दुपारी एक-दीडच्या सुमारास उघडतात. बाराला बॅगा घेऊन पॅसेजमध्ये उभं राहिल्याने काम पुढे सरकत नाही, उलट त्याची ट्रॉली अडते. पासपोर्ट, औषधं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत ठेवा, जेवून घ्या. मोठी बॅग केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होऊ शकते.

संध्याकाळी स्टुअर्ड स्वतः ओळख करून द्यायला येतो, किंवा त्याच्या नावाचं कार्ड टेबलावर असतं. मागायचं ते सगळं तेव्हा एकदम मागा: दहा जादा हँगर, एक जादा ब्लँकेट, रोज बर्फ, पलंग जोडायचा की वेगळा करायचा, फ्रिजमधल्या विकतच्या बाटल्या काढून तो रिकामा करायचा. रोज एकेक मागणी काढली की त्याला तेवढ्या वेळा स्टोअरपर्यंत हेलपाटा पडतो आणि एखादी गोष्ट राहून जाते. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा छतातून खाली येणारा बर्थ किंवा सोफा-बेड मात्र बुकिंगमध्येच नोंदवलेला हवा. प्रत्येक केबिनमध्ये किती माणसं राहू शकतात हे लाइफबोटीतल्या जागांवरही ठरतं, त्यामुळे ऐन वेळी ‘मुलाला आमच्यातच झोपवतो’ हे चालत नाही.

आवरायची वेळही तेव्हाच ठरवा. पूर्वी सकाळ-संध्याकाळ दोनदा खोली आवरली जायची. २०२२-२३ पासून अनेक मोठ्या कंपन्यांनी साध्या केबिनसाठी ते एकदाच केलंय. कार्निव्हलवर सकाळ किंवा संध्याकाळ यातलं एक निवडायचं असतं, रॉयल कॅरिबियनवर दुसरी फेरी फक्त स्वीटसाठी, म्हणजे मोठ्या महागड्या केबिनसाठी, राहिली. संध्याकाळी कोणी आलं नाही म्हणून रागावण्याआधी नियम कोणता ते बघा. आणि सकाळी ‘डू नॉट डिस्टर्ब’चं कार्ड किंवा लाल दिवा लावून दिवसभर तसाच विसरलात, तर स्टुअर्ड आत येणारच नाही. त्याला तशी परवानगीच नसते.

बिघाड वाटतो, पण बिघाड नसतो

*एसी गार होत नाही.* आधी बाल्कनीचं दार बघा. अनेक जहाजांवर दाराला सेन्सर असतो. ते उघडं राहिलं किंवा कडी पूर्ण बसली नाही की एसी आपोआप बंद पडतो. दमट हवा आत आल्यावर छताला पाणी सुटतं, शेजारच्या केबिनचा गारवाही कमी होतो. दार घट्ट लावून वीस मिनिटं थांबा. तरीही फरक पडला नाही तर मात्र कळवा.

*दिवे लागत नाहीत.* नव्या जहाजांवर दाराजवळच्या खाचेत कार्ड घालावं लागतं. खोलीचं कार्ड काढून नेलं की वीज जाते.

*फ्लश होत नाही.* याला सगळ्यात जास्त जपायला हवं. जहाजावर संडासाचं पाणी निर्वाताच्या जोरावर खेचलं जातं आणि पाइप घरच्यापेक्षा अरुंद असतात. झाकण बंद करून बटण दाबा. एकदा दाबून काम झालं नाही तर पुन्हा पुन्हा दाबत बसू नका, थोडा वेळ जाऊ द्या. लाइनमध्ये निर्वात परत तयार झाला की बऱ्याचदा आपोआप चालतं. त्यात टॉयलेट पेपरखेरीज काहीही टाकायचं नाही. वेट वाइप, सॅनिटरी पॅड, डायपर, टिश्यू नॅपकिन, उरलेला भात, काहीही नाही. एकाने वाइप टाकला की एकाच लाइनवरच्या कितीतरी केबिन बंद पडतात, आणि फोन मात्र सगळ्यांचे स्टुअर्डला जातात.

जेट स्प्रे बहुतेक जहाजांवर नसतो. प्लास्टिकचा मग किंवा दाबायची हँडी बाटली घरून न्या. मात्र आंघोळ शॉवरच्या पडद्याच्या आतच करा. बाहेर ओतलेलं पाणी उंबरठा ओलांडून थेट गालिच्यात जातं, आणि तो वास मग सगळा प्रवास सोबत राहतो.

*किटली जप्त झाली.* आपल्याकडच्या सामानात इलेक्ट्रिक किटली, इस्त्री आणि एक्स्टेंशन बोर्ड हमखास असतो. आगीच्या भीतीने जवळपास सगळ्याच कंपन्या या वस्तू बॅग तपासताना काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. सर्ज प्रोटेक्टर तर मुळीच नेऊ नका: जहाजाच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल घरच्यासारखा जमिनीला जोडलेला नसतो, त्यामुळे तो तापून पेटू शकतो. अमेरिकी धाटणीच्या जहाजांवर चपट्या पिनांचा ११० व्होल्टचा प्लग आणि शेजारी गोल पिनांचा २२० व्होल्टचा एखादा प्लग मिळतो. जुन्या जहाजांवर प्लग मोजकेच असतात, म्हणून अनेक तोंडांचा यूएसबी चार्जर आणि एक ॲडॉप्टर पुरेसा. चहासाठी गरम पाणी बुफेत मिळतं. झाकणाचा थर्मास न्या म्हणजे सकाळी डेक चढायला नको.

*कपडे.* बाल्कनीच्या कठड्यावर टॉवेल किंवा ओले कपडे टाकू नका. ते उडतात आणि खालच्या डेकवर किंवा समुद्रात जातात. सुरक्षेच्या दृष्टीनेही ही गोष्ट गंभीर मानतात. शॉवरवर भिंतीत एक छोटी डबी असते. तिची दोरी ओढून समोरच्या हुकाला लावायची. तिच्यावर दोन-चार हलके कपडे रात्रभरात वाळतात, जीन्स वाळत नाही. केबिनच्या भिंती पोलादी असल्याने चुंबकाचे हुक छान चिकटतात, ओढण्या-टोप्या तिथे लटकवा.

इन्सुलिनसारखी औषधं असतील तर मिनीबारच्या भरवशावर राहू नका, तो अनेकदा नुसता थंडसर ठेवणारा कूलर असतो. औषधांसाठी फ्रिज हवा हे बुकिंग करताना कळवा.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लपवू नका, जहाजाच्या दवाखान्यात सांगा. केबिन वेगळ्या औषधाने धुवावी लागते आणि तुम्हीच कळवलं नाहीत तर स्टुअर्डचा हात त्याच कापडासह पुढच्या पंधरा केबिनमध्ये जातो.

तक्रार कुठे आणि कधी

घरी आल्यावर लांबलचक मेल लिहिणं हा सर्वांत निरुपयोगी मार्ग. तोवर दुरुस्त करायला काहीच उरलेलं नसतं. पहिलं, स्टुअर्डला प्रत्यक्ष सांगा. दोन-तीन तासांत झालं नाही तर केबिनच्या फोनवरून गेस्ट सर्व्हिसला कळवा. वेळ आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर काउंटरवर जाऊन हाउसकीपिंग सुपरवायझरला बोलवायला सांगा. गळती, तुटलेली वस्तू, डाग यांचा फोटो काढा. ‘खोली घाण आहे’ यापेक्षा ‘शॉवरच्या जाळीत पाणी तुंबतंय, काल दुपारपासून’ असं सांगितलं तर प्लंबर लगेच येतो.

स्टुअर्ड गोव्याचा, मंगळुरूचा किंवा वसईचा निघाला तर गप्पा रंगतात, आणि रंगाव्यातही. पण ‘आपलाच माणूस’ म्हणून त्याच्याकडे नियमाबाहेरची सोय मागू नका. वरच्या दर्जाची केबिन बदलून मिळवणं, बाहेरून आणलेली बाटली लपवणं, मुलांवर लक्ष ठेवणं यातलं काहीही केलं तर त्याची नोकरी जाऊ शकते. आणि त्याला नावाने हाक मारा, ‘बॉय’ म्हणून नव्हे.

टिप: गैरसमज जास्त आहेत ते इथे

बहुतेक अमेरिकी कंपन्या प्रत्येक माणसामागे, प्रत्येक दिवसाला ठरलेली ग्रॅच्युइटी, म्हणजे टिपची रक्कम, तुमच्या जहाजावरच्या खात्यावर टाकतात. साध्या केबिनला साधारण १६ ते २० डॉलर, स्वीटला त्याहून जास्त. चार जणांचं कुटुंब, सात रात्री, रोजचे १८ डॉलर धरा: ५०४ डॉलर, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या पुढे. ही रक्कम शेवटच्या दिवशी पहिल्यांदा दिसली की घाम फुटतो, म्हणून ती बजेटमध्ये आधीच धरा किंवा बुकिंगबरोबर भरून टाका. मुलांचं काय, हे कंपनीनुसार बदलतं: रॉयल कॅरिबियन सगळ्या वयांना लावते, कार्निव्हल दोन वर्षांखालच्या बाळांना लावत नाही.

ही रक्कम बक्षीस नव्हे, पगाराचाच भाग समजा. स्टुअर्ड, वेटर आणि कंपनीच्या धोरणानुसार तुम्हाला कधी न दिसणारी लाँड्री-स्वयंपाकघरातली माणसंही त्यातून वाटा घेतात. ही माणसं सहसा सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर असतात, आठवड्याची सुट्टी नसते. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कायद्यात त्यांच्यासाठी २४ तासांत किमान १० तास विश्रांती एवढी हमी आहे. म्हणजे चौदा तासांचा दिवस कायदेशीर आहे.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा सल्ला असा: ‘काउंटरवर जाऊन ग्रॅच्युइटी काढून टाका आणि स्टुअर्डच्या हातात रोख द्या.’ हे करू नका. बऱ्याच कंपन्यांत ग्रॅच्युइटी काढलेल्या केबिनची यादी कर्मचाऱ्यांना कळते आणि त्या केबिनमधून मिळालेली रोख समाईक खात्यात जमा करावी लागते. तुमच्या स्टुअर्डला विशेष मिळतच नाही आणि धुलाईतल्या माणसाचा वाटा मात्र जातो. सेवा खरोखर वाईट असेल तर ती चालू प्रवासात दुरुस्त करून घ्या. कमी करायचीच असेल तर उतरण्याआधी, कारण सांगून.

दुसऱ्या टोकाची चूकही होते: एकाच कामाची टिप दोनदा जाते. बारच्या बिलात १८ ते २० टक्के आधीच लावलेले असतात, आणि खाली ‘ॲडिशनल टिप’ची रिकामी ओळ असते. ती रिकामीच सोडायची. स्पामध्येही तसंच. ग्रुप टूरने जात असाल तर टूर मॅनेजर सुरुवातीला टिपचे डॉलर गोळा करतो. त्यात जहाजाची ग्रॅच्युइटी धरली आहे की फक्त बसचालक-गाइडची, हे लेखी विचारा. सिल्व्हरसी, सीबर्न, रीजंट या महागड्या क्रूझ कंपन्यांच्या तिकिटात टिप धरलेली असते आणि ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये रोजची आकारणी बंद केली. मुंबईहून निघणाऱ्या जहाजासाठी भाडं, बंदर शुल्क, जीएसटी आणि ग्रॅच्युइटी या ओळी पावतीत वेगवेगळ्या शोधा. तिथे भरलेली असेल तर जहाजावर पुन्हा देणं सक्तीचं नाही.

मग वरची रोख किती? सक्ती मुळीच नाही. पण काम चांगलं असेल तर सात रात्रींसाठी दोघांच्या केबिनला २० ते ३० डॉलर, लहान मुलं आणि रोजच्या जादा मागण्या असतील तर ४० ते ५०, दोन-तीन रात्रींच्या सफरीला १० हे आकडे योग्य वाटतात. रूम सर्व्हिस घेऊन येणाऱ्याला दर खेपेला दोन-तीन डॉलर. अमेरिकेच्या बंदरावर मोठी बॅग घेणारे हमाल जहाजाचे नोकर नसतात, त्यांना बॅगेमागे एक-दोन डॉलर वेगळे. शाकाहारी-जैन जेवणाची रोज खास व्यवस्था करणारा हेड वेटर बऱ्याचदा विसरला जातो: आदल्या रात्री उद्याचं सांगून ठेवल्यावर जो तुमच्यासाठी डाळ-भाजी करवून घेतो, त्याला शेवटच्या जेवणाला पाकीट द्या. कॅप्टन, अधिकारी, डॉक्टर यांना टिप देत नाहीत.

सुट्टे आणि कार्ड

आपल्याकडे मनी चेंजर बहुधा १०० डॉलरच्या नोटा पुढे करतो. एक, पाच आणि दहाच्या नोटा आधीच सांगून ठेवा. नोटांच्या रूपात एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न नाही. फाटक्या, पेनाने लिहिलेल्या नोटा आणि नाणी देऊ नका, कर्मचाऱ्यांना ती बदलून घेणं अवघड जातं. सिंगापूरच्या जहाजावर खातं सिंगापूर डॉलरमध्ये आहे का ते बघा.

खात्याला जोडलेल्या कार्डावर जहाज रोज काही रक्कम अडकवून ठेवतं. फोरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलंत तर तुमचेच पैसे उतरल्यावर काही दिवस अडकून पडतात, आणि पुढच्या हॉटेलात कार्ड नाकारलं जातं. आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेलं क्रेडिट कार्ड द्या.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा रात्री दहा-अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, चपला, औषधं, पासपोर्ट त्यात जाणार नाहीत हे बघा. टिपचं पाकीट आदल्या संध्याकाळी स्टुअर्डच्या हातात द्या. सकाळी तो पुढच्या केबिनच्या घाईत असतो.

उरलेला सीलबंद चिवडा किंवा न फोडलेली बाटली स्टुअर्डसाठी सोडायची असेल तर नुसती टेबलावर ठेवू नका. मागे राहिलेली वस्तू त्याला ‘हरवलेलं सामान’ म्हणून जमा करावी लागते. कागदावर त्याचं नाव, वस्तू, केबिन क्रमांक, तारीख आणि तुमची सही एवढं लिहून सोबत ठेवा. उघडलेलं किंवा घरचं शिजवलेलं अन्न देऊ नका. जुने कपडे तर नकोच.

घरी पोचल्यावर कंपनीकडून अभिप्रायाचा मेल येतो. त्यात चांगल्या माणसाचं नाव, केबिन क्रमांक आणि त्याने नेमकं काय केलं हे दोन ओळींत लिहा. ‘सर्व्हिस छान होती’ एवढ्यावर कुणाच्या नावावर काही जमा होत नाही. नाव लक्षात राहत नसेल तर पहिल्या दिवशीच त्याच्या कार्डाचा फोटो काढून ठेवा.