'द क्रूसिबल' वाचताना, बसवताना आणि पेपरात लिहिताना या चुका टाळा

हे नाटक मी तीन वेगवेगळ्या कंपूंबरोबर वाचलंय, एकदा आमच्या हौशी ग्रुपने त्याचा तिसरा-चौथा अंक मराठीत उभा केला, आणि मधेमधे बीए-एमएच्या पोरांची उत्तरं पण नजरेखालून गेली (शेजारची एक जण परीक्षा आली की व्हॉट्सअॅपवर वहीचे फोटो टाकते, "दादा, जरा बघ ना"). सगळीकडे तेच तेच घोळ होतात, आम्ही पण केलेत. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

नाटक आर्थर मिलरचं, न्यूयॉर्कला पहिला प्रयोग १९५३ साली. गोष्ट १६९२ सालची, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमची, जिथे पोरींना झटके यायला लागले आणि बघता बघता गावातली निम्मी माणसं चेटूक करतात म्हणून आत गेली. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं.

पहिला घोळ म्हणजे "सत्याचा विजय" असा निबंध लिहिणं. अहो कुठला विजय, या नाटकातल्या कोर्टाचा नियम काय आहे तो आधी नीट बघा. मी चेटूक केलं असं कबूल केलं की जीव वाचतो, नाही केलं म्हणालात की फाशी. म्हणजे खोटं बोलणारा घरी जातो आणि खरं बोलणारा दोराला लटकतो. हा उलटा नियम डोक्यात पक्का बसला नाही तर पुढचं काहीच लागत नाही, मान-अब्रू, सचोटी वगैरे शब्द नुसते हवेत फिरत राहतात. आणि हे मिलरने रचलेलं नाही, खऱ्या सेलममध्येही १९ जणांना फाशी झाली (१४ बाया, ५ पुरुष), पण कबुली देऊन तिच्यावर ठाम राहिलेल्या कुणालाही दिली नाही. जाळलं मात्र कुणालाच नाही बरं का, "चेटकिणींना जिवंत जाळण्यात आले" हे वाक्य मी किती वह्यांत खोडलं असेल देव जाणे. जाईल्स कोरी म्हणून एक म्हातारा होता, त्याने आरोपावर हो की नाही हेच सांगायचं नाकारलं, तर त्याच्या अंगावर दगड ठेवत ठेवत मारलं त्याला. नाटकात तो मरतो पडद्यामागे, नायक जॉन प्रॉक्टरची बायको एलिझाबेथ ते चार वाक्यांत सांगते, आणि मला विचाराल तर अख्ख्या नाटकात सचोटी काय असते ते त्या चार वाक्यांतच सगळ्यात जास्त कळतं.

दुसरी चूक पेपरात फार. नाटक म्हणजेच इतिहास असं धरून चालणं. शेतकरी जॉन प्रॉक्टर आणि आधी त्याच्या घरी कामाला असलेली ॲबिगेल (आरोप करणाऱ्या पोरींची म्होरकी) यांचं प्रकरण मिलरने घातलेलं आहे. खरी ॲबिगेल तेव्हा ११-१२ वर्षांची पोर होती आणि खरा प्रॉक्टर साठीचा, नाटकात ती १७ ची आणि तो पस्तिशीच्या आसपासचा. रिबेका नर्स या गावातल्या देवभोळ्या म्हातारीलाही खरी फाशी जुलैत झाली आणि प्रॉक्टरला १९ ऑगस्टला, नाटकात दोघं एकत्र जातात. आणि हो, "गुडी" हे कुणाचं नाव नाही. गुडी प्रॉक्टर, गुडी नर्स, गुडी ऑसबर्न वाचून आमच्यातल्या एकाने विचारलेलं की या सगळ्या बहिणी का रे. साध्या घरच्या लग्न झालेल्या बाईला लावायचा शब्द आहे तो, आम्ही सरळ "प्रॉक्टरबाई" केलं.

सगळी खोटी माणसं एकाच रंगात रंगवू नका

इथे मात्र थांबा जरा. या नाटकात जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी खोटं बोलतो, पण प्रत्येकाच्या खोट्याचा भाव वेगळा आहे. पाद्री पॅरिसच्या घरची गुलाम टिटुबा बोलते कारण फटके आणि दोर समोर दिसतोय. प्रॉक्टरकडची मोलकरीण मेरी वॉरन, त्या पोरींतलीच एक, आधी खरं सांगायला येते आणि सगळ्या पोरी तिच्यावर उलटल्यावर भीतीने परत खोट्याकडे पळते. पॅरिसला पाद्रीपणाची खुर्ची सांभाळायचीय. ॲबिगेलला एक माणूस हवाय आणि नंतर सुटायला वाट उरत नाही. हेलचं तर अजबच, पुस्तकांची थप्पी घेऊन चेटूक शोधायला आलेला हा विद्वान चौथ्या अंकात कैद्यांना हात जोडून सांगत फिरतो की बाबांनो खोटं बोला पण जगा. या सगळ्यांना "वाईट प्रवृत्ती" या एका मथळ्याखाली टाकलं की नाटक संपलंच.

आणि एलिझाबेथ. तिसऱ्या अंकातला तो प्रसंग आमच्याकडून पहिल्यांदा साफ फसला, का ते सांगतो. प्रॉक्टर कोर्टात स्वतःच्या अब्रूची लक्तरं स्वतःच काढतो, मी या पोरीशी झोपलोय म्हणून ती सूड घेतेय असं सांगतो, आणि वर म्हणतो की माझ्या बायकोला बोलवा, ती जन्मात खोटं बोललेली नाही. न्यायाधीश डॅनफर्थ तिला बोलावतो, पण आधी प्रॉक्टर आणि ॲबिगेल दोघांनाही पाठमोरं उभं करतो. हे "पाठमोरं" महत्त्वाचं आहे. आम्ही काय केलं, आमचा प्रॉक्टर दिसायला चांगला, म्हणून त्याला प्रेक्षकांकडे तोंड करून पुढे आणला आणि एलिझाबेथ त्याच्या मागे बाजूला. प्रेक्षकांना त्याचा चेहरा दिसला, टाळी पण आली, आणि प्रसंगाचा जीव गेला. कारण खेळ सगळा तिच्या डोळ्यांचा आहे, ती नवऱ्याच्या पाठीकडे बघून अंदाज घ्यायला बघते, डॅनफर्थ म्हणतो माझ्याकडे बघ, आणि तिला माहीतच नाही की नवऱ्याने ऑलरेडी कबूल केलंय. मग ती आयुष्यातलं पहिलं खोटं बोलते, नवऱ्याचं नाव राखायला, आणि त्याच एका "नाही"ने त्याला बुडवते. दुसऱ्या प्रयोगात एलिझाबेथला मधोमध आणली, ती दोघं तिच्या दोन बाजूंना प्रेक्षकांकडे पाठ करून, आणि हॉल असा गप्प झाला की पंख्याची घरघर ऐकू येत होती.

अजून एक, भाषांतर करत असाल तर. आम्ही आधी एलिझाबेथच्या तोंडी "अहो" घातलेलं, पहिल्या वाचनातच ती सिरीयलमधली सून वाटायला लागली. काढलं, "जॉन" ठेवलं. पण अहो-जाहोचा एक फायदा मराठीत फुकट मिळतो तो सोडू नका. ॲबिगेल चारचौघांत प्रॉक्टरला "तुम्ही" म्हणते आणि पहिल्या अंकात दोघंच असताना "तू" वर येते. इंग्रजीत ही सोय नाही. एका शब्दात सगळं प्रकरण कळतं, वेगळं सूचक म्युझिक लागत नाही.

प्रॉक्टरला पहिल्या एन्ट्रीपासून देवमाणूस करणं ही नटांची आवडती चूक. अरे तो माणूस दुसऱ्या अंकात आठ दिवस नुसता टाळाटाळ करतोय. ॲबिगेलने त्याला एकांतात सांगितलंय की यात चेटूकबिटूक काही नाही, हे कोर्टात जाऊन सांगितलं तर माणसं वाचतील हे त्याला कळतं, बायको मागे लागलीय, तरी जात नाही, कारण "एकांतात म्हणजे कधी, आणि का" हा प्रश्न येणार. हेल त्याला दहा आज्ञा म्हणायला लावतो तेव्हा नऊ येतात आणि व्यभिचाराची नेमकी विसरतो, ती बायको हळूच आठवण करून देते. तिथे प्रेक्षक हसले पाहिजेत आणि लगेच हसू आवरलं पाहिजे. हा कचखाऊपणा दाखवलाच नाही तर शेवटचा माणूस कुठून निघाला ते कळणारच नाही.

डॅनफर्थ मिशा पिळणारा व्हिलन नाही. त्याचं म्हणणं ऐकायला अगदी बिनतोड आहे, चेटूक हा न दिसणारा गुन्हा, साक्षीदार दोघंच, चेटकीण आणि जिला बाधा झाली ती, चेटकीण स्वतःवर आरोप करणार नाही, मग पोरींवर विश्वास ठेवण्यावाचून उपाय काय. शांतपणे म्हटलं की अंगावर काटा येतो. आणि चौथ्या अंकात तो सुटका का करत नाही, तर त्याच गुन्ह्यासाठी १२ जणांना आधीच लटकवलंय, आता माघार घेतली तर कोर्टाचं नाव जाईल. म्हणजे अब्रूची काळजी त्यालाही आहेच की! फक्त ती राखायची दुसऱ्यांच्या मानेवर.

आता सगळ्यात मोठी चूक, शेवटाची. "प्रॉक्टर खोटी कबुली द्यायला नकार देतो" असं लिहू नका. तो देतो. तोंडाने देतो, कागदावर सही पण करतो. अडतो दोन ठिकाणी. एकदा, जेव्हा त्याला विचारतात की सैतानाबरोबर आणखी कुणाकुणाला पाहिलंस. स्वतःचं पाप सांगेन, दुसऱ्याचं सांगायचा मला हक्क नाही असा त्याचा सूर. आणि दुसऱ्यांदा, जेव्हा तो सही केलेला कागद चर्चच्या दारावर लावणार असं कळतं, तेव्हा तो कागद फाडतो आणि फाशी जातो. तिथे इंग्रजीत नुसता "नेम" हा शब्द आहे आणि आम्ही त्यावर दोन रविवार घालवले. "इज्जत" हिंदी पिक्चरसारखं वाटलं, "प्रतिष्ठा" अग्रलेखासारखं, "अब्रू" म्हटलं की आपल्याकडे लोक बाईचाच विचार करतात. शेवटी साधं "नाव" ठेवलं आणि सगळं जागेवर बसलं, कारण मराठीत नाव घेतात, नाव ठेवतात, नाव घालवतात, सातबाऱ्यावर नाव असतं. दोन्ही अडण्याच्या जागा एकाच शब्दात आल्या, त्याला दुसऱ्यांचं नाव घ्यायचं नाहीये आणि स्वतःचं घालवायचं नाहीये.

याच ठिकाणी लोक मॅकार्थी (१९५० च्या दशकात अमेरिकेत जिथे तिथे कम्युनिस्ट शोधणारा पुढारी) काढतात, काढा, पण तारखा उलट्या करू नका. मिलरला कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या समितीने बोलावलं आणि मग त्याने नाटक लिहिलं असं बरेच जण ठोकतात. नाटक १९५३ चं, समितीसमोर तो गेला १९५६ ला, आणि ती प्रतिनिधीगृहाची समिती होती, मॅकार्थी सिनेटर, त्या समितीत नव्हताच. तिथे मिलरने स्वतःबद्दल सांगितलं पण दुसऱ्यांची नावं घ्यायला नकार दिला, १९५७ ला अवमानाबद्दल दोषी ठरला, १९५८ ला अपिलात सुटला. आपणच लिहिलेला चौथा अंक तीन वर्षांनी अंगावर आला म्हणायचा.

आपल्याकडे आणून बसवायचा मोह होतो तो समजू शकतो. सुई टोचलेली बाहुली स्टेजवर आली की मराठी प्रेक्षकाला समजवावं लागत नाही. जाईल्सच्या बायकोवरचा आरोप काय, तर तिने विकलेलं डुक्कर मेलं, आणि आपल्या २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्यात तर मंत्राने जनावराचं दूध आटवलं असा कुणावर आळ घेणं हा सरळ गुन्हा म्हणून लिहिलंय. पण नंदुरबारकडच्या डाकीण प्रकरणावर हे नाटक जसंच्या तसं चढवू नका. तिथे गाव आणि भगत ठरवतो, कोर्ट नाही, आणि बाईने कबूल केलं म्हणून तिला कुणी घरी पाठवत नाही. कबुलीने सुटका हा खिळा काढला की प्रॉक्टरच्या सहीला अर्थच राहत नाही.

शेवटी प्रॉपर्टीवाल्यांसाठी, म्हणजे स्टेजवरचं सामान सांभाळणाऱ्यांसाठी. कबुलीचा कागद जुना दिसावा म्हणून आमच्या पोराने तो चहात बुडवला, वाळवला आणि टिकावा म्हणून लॅमिनेट केला. प्रयोगात प्रॉक्टर फाडतोय, फाडतोय, काही फाटेना, शेवटी बिचाऱ्याने चुरगळून कोपऱ्यात फेकला आणि प्रेक्षकांत हशा. साधा वहीचा कागद घ्या, तालमीला पण रोज नवा घ्या आणि नटाला खरंच सही करायला लावा, हवेत पेन फिरवू देऊ नका. आमचा प्रॉक्टर एका तालमीत सवयीने स्वतःचीच सही करून बसला, बँकेत करतो ती, खाली दोन टिंबांसकट, आणि मग फाडायची वेळ आली तेव्हा कागद हातात धरून नुसता उभाच राहिला, आम्हाला वाटलं वाक्य विसरला म्हणून प्रॉम्प्टरने दोनदा शब्द दिला.