गाडीला जादा लाईट घरीच बसवताना

रब्बीत ओलिताची लाईन (वीज) रात्रीची असली की पांदणीवरून गाडी काढावीच लागते. 100-125 सीसीच्या मोटरसायकलचा मूळ हेडलाईट तिथे कमी पडतो, रोही (नीलगाय) किंवा डुक्कर आडवं आलेलं वेळेत दिसत नाही. दोन एलईडी लाईट घरी बसवता येतात. लाईट चांगले घ्याच, पण गाडी बंद पडते ती वायरिंगमुळे, म्हणून जास्त वेळ तिकडे द्या.

आधी गाडी ओळखा. इंजिन चालू ठेवून अंधारात रेस द्या. रेसबरोबर हेडलाईट कमी-जास्त होत असेल, तर तो बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटोच्या (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर चालतो. जुन्या बऱ्याच गाड्यांत असंच असतं. अशा गाडीत हेडलाईटच्या वायरवरून कनेक्शन घेतलं तर रिले (बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टरटर वाजतो आणि लाईट लुकलुकतात. या गाड्यांचं चार्जिंगही बेताचं असतं, म्हणून प्रत्येकी 10 वॅटच्या वर जाऊ नका. बॅटरीवरच्या नव्या गाडीला 20-20 वॅट चालतात. हिशेब सोपा आहे: 40 वॅट भागिले 12 व्होल्ट म्हणजे साधारण 3.3 अँपिअर, म्हणून फ्यूज 5 अँपिअरचा.

सामान: चार पिनचा 12 व्होल्टचा रिले (सॉकेटसकट), फ्यूज होल्डर, हँडलवरचा स्विच, 1 स्क्वेअर एमएमची वायर चार-पाच मीटर, स्विचसाठी थोडी बारीक वायर, लग (वायरीच्या टोकाला दाबायची धातूची टोपणं), हीट श्रिंक नळी (गरम केली की जॉइंटवर आवळणारी), केबल टाय, टेस्ट लॅम्प (वायरीत करंट आहे का ते दाखवणारा). नुसत्या काळ्या टेपवर भरवसा नको. आपल्याकडच्या 45 डिग्रीत तिचा गोंद पाघळतो आणि जॉइंट उघडा पडतो.

बॅटरी सोडताना आधी मायनस, मग प्लस. जोडताना उलट. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना चेसिसला टेकला तर थेट शॉर्ट होतो.

रिलेच्या तळाला आकडे छापलेले असतात. 30 ला बॅटरीचा प्लस, मध्ये फ्यूज. हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण त्याच्या अलीकडची वायर घासली तर तिला वाचवणारं काही नसतं. 87 वरून दोन्ही लाईटचे प्लस. 85 बॅटरीच्या मायनसला. 86 ला स्विचमधून येणारी बारीक वायर, आणि त्या स्विचला करंट चावीनंतरचा द्यायचा, म्हणजे चावी काढली की लाईट आपोआप बंद. चावीनंतरची वायर शोधायला ब्रेक लाईटच्या स्विचपाशी टेस्ट लॅम्प लावा: चावी चालू केल्यावर पेटतो, बंद केल्यावर विझतो, ती वायर. ब्रेक न दाबता हे तपासायचं. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा वेगळा.

लाईटचे मायनसही बॅटरीपर्यंत परत न्या. चेसिसच्या रंगावर किंवा गंजावर कसलेली अर्थ (मायनसची जोडणी) पहिल्या पावसात दगा देते.

वायर मूळ हार्नेसच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या) बाजूने न्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच असतो आणि पाइपात प्रेशर असतं, तेव्हा टाकी काढायच्या भानगडीत पडू नका. कडक तार आधी सरकवून तिला वायर बांधून ओढून घ्या. इंजिनच्या हेडपासून आणि सायलेन्सरपासून लांब. थ्रॉटल केबलला टाय बांधायचा नाही. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून पाहा, वायर कुठेच ताणली जाऊ नये. सगळ्यात जास्त वायरी इथेच तुटतात. गाडी गोठ्यात लागत असेल तर उंदरांसाठी वरून प्लास्टिकची नळी चढवाच.

लाईट लेगगार्डवर बसवा, क्लॅम्पखाली रबर घालून. मडगार्डजवळ बसवलेले लाईट काळ्या मातीच्या चिखलाने दोन फर्लांगात बुजतात.

फोकस लावताना गाडी भिंतीपासून 5 मीटरवर उभी करा आणि वर माणूस बसवा, कारण वजनाने मागचं शॉकअप दबून फोकस वर जातो. लाईटच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीला खडूची रेघ मारा. उजेडाचा मध्य रेघेच्या 10 सेंटीमीटर खाली हवा. समोरून गाडी आली की हे लाईट बंद. परवानगीत न बसणाऱ्या बदलाला मोटार वाहन कायद्यात दर बदलामागे 5,000 रुपये दंड आहे, आणि डांबरी रस्त्यावर डोळे दिपवणारे लाईट लगेच नजरेत येतात. लाल-निळे चमकणारे तर घेऊच नका.

लाईट लागले नाहीत तर कान द्या. रिले टक वाजतो पण उजेड नाही: 30 चा फ्यूज, 87 ची वायर किंवा लाईटची अर्थ पाहा. टकही नाही: 85, 86 किंवा स्विच. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर वायर कुठेतरी सोलली आहे. तिथे मोठा फ्यूज किंवा सिगारेटची चांदी घालणं म्हणजे हार्नेस जाळणं.

शेवटी इंजिन चालू, हलकी रेस, सगळे लाईट चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीवर मोजा. 13 व्होल्टच्या वर असेल तर ठीक. 12.5 च्या खाली जात असेल तर चार्जिंग पुरत नाही: कमी वॅटचे लाईट लावा. इंजिन बंद करून ओलिताची मोटर सुरू करायला उजेड हवा असेल तर टॉर्च न्या, गाडीच्या बॅटरीवर नको.