सर्व्हर पडल्यावर घाईत होणाऱ्या या चुका टाळा

"सिस्टीम बंद आहे" असा फोन आला की पुढची पाच मिनिटं सगळ्यात धोक्याची. बिघाड तर झालेलाच असतो. पण जे कायमचं जातं ते बहुधा दुरुस्तीच्या घाईत जातं. खालच्यापैकी निम्म्या चुका मी स्वतः केल्या आहेत, एक तर दोनदा.

उठसूट रिस्टार्ट

रिस्टार्टने काम भागतं, हीच खरी अडचण. सर्व्हर उठतो, फोन थांबतात आणि दोन दिवसांनी तो पुन्हा बसतो. कोणती प्रोसेस अडकली होती, मेमरी कोण खात होतं, याचा माग तुम्हीच पुसून टाकलेला असतो. रिस्टार्टआधी 'टॉप' (चालू प्रोसेसची यादी), 'डीएफ' (डिस्कवरची जागा) आणि कर्नलचे, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचे, मेसेज एका फाइलमध्ये उतरवून घ्या आणि ती फाइल दुसऱ्या मशीनवर ठेवा. (डिस्क भरली म्हणून बसलेल्या सर्व्हरवर फाइल सेव्ह करायला जाणारे महाभाग असतात.)

डिस्क फुल झाली म्हणून लॉग उडवणं

सर्व्हिस चालू असताना वीस जीबीचा लॉग (सर्व्हरच्या नोंदींची फाइल) 'आरएम' या डिलीटच्या कमांडने उडवला, तरी 'डीएफ' शंभर टक्केच दाखवतो. लिनक्समध्ये फाइलचं नाव गेलं तरी एखाद्या प्रोसेसने ती उघडी धरलेली असेल तर जागा सुटत नाही. अशा वेळी लोक घाबरून आणखी फाइली उडवतात, आणि त्यात नको ती जाते. 'एलसॉफ' ही उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड चालवली की डिलीट होऊनही उघडी असलेली फाइल कोणाच्या हातात आहे ते कळतं. ती सर्व्हिस रिस्टार्ट केली की जागा मोकळी होते. खरं तर लॉग डिलीट करायचाच नाही, आतून रिकामा करायचा.

याच्या उलटही घडतं. डिस्कवर भरपूर जागा दिसते आणि तरी जागा नसल्याचा एरर येतो. तेव्हा आयनोड, म्हणजे दर फाइलमागे एक लागणाऱ्या नोंदी, संपलेले असतात. ईएक्सटी4 या लिनक्सच्या फाइलसिस्टीममध्ये ती बनवतानाच आयनोडची संख्या ठरते, आणि सेशनच्या लाखो बारीक फाइली साचल्या की ते संपतात. 'डीएफ'ला 'आय' पर्याय लावून बघा. शिवाय ईएक्सटी4 डीफॉल्टने पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकारी युजरसाठी, राखून ठेवतं. रूटने लॉगिन केलेल्या तुम्हाला सगळं ठीक दिसतं आणि ॲप्लिकेशन मात्र लिहू शकत नाही, याचं कारण बऱ्याचदा हेच.

चुकीच्या टर्मिनलमध्ये बरोबर कमांड

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरला दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची डिरेक्टरी साफ करायची होती. कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, पण सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. पुढची गोष्ट मला जास्त भयंकर वाटते. रोजचा डेटाबेस बॅकअप निघतच नव्हता, कारण डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या 9.6 आवृत्तीवर आणि बॅकअपचा टूल 9.2 चा. बॅकअप फेल झाल्याचे मेलही डीमार्कच्या (पाठवणारा खरा आहे का ते बघणाऱ्या) तपासणीत अडून परत जात होते. सहा तासांपूर्वी त्याच इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी हाताने डेटाबेसचा एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतला होता, म्हणून ते वाचले.

तेव्हा प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या वापरातल्या सर्व्हरच्या, टर्मिनलचा प्रॉम्प्ट लाल ठेवा, काही पुसण्याआधी 'होस्टनेम' टाइप करून मशीनचं नाव बघा, आणि जागा असेल तर डिलीट न करता डिरेक्टरीचं नाव बदला. बॅकअप 'सक्सेस' म्हणतो यावर जाऊ नका. महिन्यातून एकदा तो वेगळ्या मशीनवर रिस्टोर करून डेटा उघडून बघा. आणि दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणाऱ्या रेडला बॅकअप म्हणू नका. चुकून पुसलेली फाइल रेड दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानेइतबारे पुसतं.

दुरून फायरवॉलला हात लावणं

एक नियम चुकला की तुम्ही बाहेर आणि सर्व्हर आत. बदल करण्याआधी दहा मिनिटांनी जुने नियम परत लावणारं काम 'ॲट' या ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या कमांडने लावून ठेवा; सगळं नीट चाललं तर ते रद्द करा. एसएसएचची (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीची) सेटिंग बदलताना जुनं सेशन उघडंच ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा.

दोनदा केलेली ती चूक क्रॉनटॅबची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीची. 'ई' पर्यायाने यादी उघडते, कीबोर्डवर शेजारच्या 'आर'ने न विचारता पूर्ण उडते. आता रोज रात्री क्रॉनटॅबचीच एक प्रत निघते.

दिसायला गूढ, कारण साधं

पासवर्ड बरोबर असून ऑफिसच्या डोमेनवर लॉगिन होत नसेल तर मशीनचं घड्याळ बघा. लॉगिन तपासणाऱ्या कर्बेरॉसला डीफॉल्टने पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही.

वेबसाइटचं सुरक्षा सर्टिफिकेट आपोआप रिन्यू होऊनही ब्राउझर एक्स्पायर्ड म्हणत असेल तर वेब सर्व्हर रीलोड झालेला नाही, तो जुनंच धरून बसला आहे. मुळात तारीख विसरणं मोठ्यांनाही चुकलेलं नाही. 3 फेब्रुवारी 2020 ला मायक्रोसॉफ्ट टीम्स याच कारणाने काही तास बंद होतं.

आणि "इंटरनेट चालत नाही" म्हणणाऱ्याला आधी मशीनचा आयपी विचारा. तो 169.254 ने सुरू होत असेल तर आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीकडून उत्तरच आलेलं नाही. ब्राउझरची कॅश साफ करत बसू नका. केबल, स्विचचा पोर्ट, मग डीएचसीपी सर्व्हर, याच क्रमाने बघा.