बँकेची नोकरी सोडून सिरीयल-सिनेमाचं लिखाण करायचंय? मग राजीनाम्याआधी एवढं करा

बँक, सीए फर्म, एनबीएफसी म्हणजे बिगर-बँक फायनान्स कंपनीतले बरेच जण विचारतात की लिखाणाच्या फील्डमध्ये शिरायचं कसं, आणि विचारेपर्यंत मनातल्या मनात राजीनामा देऊनही झालेला असतो. जरा थांबा. सॅलरी स्लिप हातात असताना जी कामं होतात ती नंतर होत नाहीत.

होम लोन हवं असेल तर आत्ताच घ्या, कारण नोकरी सुटली की दोन-तीन वर्षांचे आयटीआर (इन्कम टॅक्स रिटर्न) मागतात आणि नवीन लेखकाचा पहिला आयटीआर बघून कुणी लोन देत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहितीये? कंपनीची ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपते, म्हणून स्वतःची पॉलिसी आधीच काढा, जुन्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड असू शकतो, तो पगार चालू असतानाच सुरू झालेला बरा. ग्रॅच्युइटीची ५ वर्षं भरायला थोडेच महिने राहिले असतील तर तेवढे काढा. पीएफला हात लावू नका.

आता लिखाण. डेली सोपमध्ये कथा, पटकथा आणि संवाद बऱ्याचदा वेगवेगळी माणसं लिहितात, आणि नवीन माणसाला दार उघडतं ते बहुतेक संवादांच्या बाजूने नाहीतर एखाद्या सिनियर लेखकाचा असिस्टंट म्हणून. त्यांना दाखवायला सॅम्पल सीन लागतात. इथे लोक काय करतात, तर गँगस्टर नाहीतर राजवाडा लिहायला बसतात. अहो, तुम्ही काउंटरवर बसलेला माणूस आहात! गोल्ड लोनसाठी मंगळसूत्र काढून देताना नवऱ्याकडे न बघणारी बाई, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आलेले आणि उगाचच अर्धा तास बसून राहणारे आजोबा, हे तुम्ही रोज बघता. तो सीन लिहा, दोन पानांत, आणि त्यात पैसे हा शब्द न आणता लिहून बघा. असे चार-पाच चांगले सीन जमले की मगच लोकांना भेटायला लागा. महागडा कोर्स करायलाच हवा असं मला तरी वाटत नाही, शिकायचंच असेल तर पुण्याच्या एफटीआयआयचे (सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचे) शॉर्ट कोर्स असतात, त्यात पटकथेचा कधी आहे ते बघा.

स्क्रिप्ट कुणालाही मेल करायच्या आधी अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे मेंबर व्हा आणि ती तिथे रजिस्टर करा, ऑनलाइन होतं. काँट्रॅक्ट आलं की लोनचं ॲग्रीमेंट वाचता तसंच शेवटच्या ओळीपर्यंत वाचा: क्रेडिट म्हणजे तुमचं नाव कुठे येणार, पेमेंट कुठल्या टप्प्यावर, मध्येच काढलं तर झालेल्या कामाचे पैसे किती. आणि कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झालीये, थिएटरमधला शो सोडून इतर वापराच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा निर्मात्याला लिहून घेता येत नाही, तसा क्लॉज दिसला तर तिथेच बोला. आकडे आणि कलमं न घाबरता वाचता येणं ही तुमची खरी कमाई आहे, ती फेकून देऊन या फील्डमध्ये येऊ नका.

टॅक्सचं थोडक्यात. फीवर १० टक्के टीडीएस कापला जातो. सिनेमाच्या पटकथा आणि संवाद लेखकांना प्रिझम्प्टिव्ह स्कीम (खर्चाचा हिशोब न मागता ठरावीक उत्पन्न धरणारी) मिळते, ५० लाखांपर्यंतच्या फीमधला निम्मा भाग उत्पन्न धरला जातो (रोखीचे पैसे ५ टक्क्यांच्या आत असतील तर मर्यादा ७५ लाख). जीएसटी २० लाखांच्या पुढे.

राजीनामा कधी? लिहिलेल्या कामाचं पेमेंट एकदा तरी खात्यात जमा झाल्यावर आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवल्यावर, त्याआधी नाही. टीव्हीत पेमेंट ९० दिवसांनी येणं नेहमीचंच आहे, म्हणजे जूनमध्ये लिहिलेल्याचे पैसे गणपती होऊन गेल्यावर. म्हणून नोटीस पिरियड पैसे भरून कमी करून घेऊ नका, पूर्ण काढा, संध्याकाळी लिहा, म्हणजे पगार थांबेपर्यंत पुढचं बिल वटायला आलेलं असेल.