जुन्या इमारतीतला संथ भयपट : कोकणात चित्रीकरण करताना या चुका टाळा

कोकणातला भयपट लिहायला घेतला की कौलारू घर, कंदील आणि परसातली विहीर लेखणीतून आपोआप उतरतात. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले, दापोली या गावांतली बरीच कुटुंबे मात्र १९८०च्या दशकापासून सिमेंटच्या तीन-चार मजली इमारतींत राहू लागली आणि त्या इमारतीही आता पुरेशा जुन्या झाल्या आहेत. त्यामुळे अशा एखाद्या इमारतीत हळूहळू चढत जाणारी भुताची गोष्ट मांडण्याचा विचार योग्यच आहे. संथ भयपटाचे सगळे भांडवल त्या वास्तूच्या नित्यक्रमात असते. मोटर कधी लागते, जिन्यात कोणाच्या चपला वाजतात, कोणत्या ब्लॉकला बारा महिने कुलूप असते, हे प्रेक्षकाच्या अंगवळणी पडले तरच त्यात झालेला बारीक फरक त्याला खटकतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका हा नित्यक्रम न ठरवता थेट भुताकडे धाव घेतल्यामुळे होतात.

गिरगावची इमारत उचलून कोकणात आणणे

जाळीच्या दरवाज्याची लिफ्ट, रजिस्टर घेऊन बसलेला रखवालदार आणि दोन्ही बाजूंना दारे असलेला लांबलचक बोळ हा ऐवज दक्षिण मुंबईतून किंवा परदेशी चित्रपटांतून येतो. तालुक्याच्या गावातली त्या काळची इमारत सहसा तळमजला अधिक तीन अशी असते. तिला लिफ्ट नसते, एकच जिना असतो आणि प्रत्येक मजल्यावर दोन किंवा तीन ब्लॉक असतात. जिन्याच्या वळणावर सिमेंटची जाळी असते, तिच्यातून पावसाची झड आत येते आणि कडेच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. गच्ची गळू लागल्यावर कधीतरी वर पत्र्याची शेड चढवलेली असते. ही रचना भयपटाला लिफ्टपेक्षा कितीतरी सोयीची आहे, कारण एकाच जिन्यावरून सगळ्यांची ये-जा असल्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या माणसाला पावलांच्या आवाजावरून वर कोण गेले ते कळते, आणि हे ज्ञान पटकथेने पहिल्या काही प्रसंगांतच प्रेक्षकाला देऊन ठेवले तर पुढे नुसत्या पावलांवर एक अख्खा प्रसंग उभा राहू शकतो.

काळही पक्का ठरवून घ्यावा. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली सुरू झाला. त्याआधीच्या कथेत मुंबईहून येणारे पात्र बहुधा रातराणी एसटीने येईल आणि पहाटे किंवा सकाळी स्टँडवर उतरेल. ते मध्यरात्री दारात उभे राहिले, तर घरातल्या कोणीतरी त्याला गाडीबद्दल विचारलेच पाहिजे. असा प्रश्न कोणीच विचारत नाही तेव्हा कोकणातला प्रेक्षक गोष्टीतून बाहेर पडतो.

ओल, पोपडे आणि बंद दार यांनाच भीतीची खूण समजणे

हिदेओ नाकाता यांच्या २००२ सालच्या ‘डार्क वॉटर’ या जपानी चित्रपटात जुन्या इमारतीच्या छतावर वाढत जाणारा ओला डाग भीतीचे केंद्र होता. तो डाग जसाच्या तसा रत्नागिरीत आणला तर जुलै महिन्यात प्रेक्षक फक्त वॉटरप्रूफिंगचा खर्च मोजेल. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या किनाऱ्यावर ओल हा नित्यक्रम आहे, अपवाद नाही. तोच डाग मे महिन्यात दाखवावा. गच्चीवरची टाकी रिकामी असावी, सोसायटीत टँकर मागवायचा की नाही यावर वाद चालू असावा, वरच्या ब्लॉकचा मेन कॉक बंद असल्याची खात्री प्लंबरने सर्वांसमक्ष करून घ्यावी, आणि त्यानंतरही डाग ओलाच राहावा. प्लंबरला घाबरवू नये. तो वैतागलेला असावा.

पोपड्यांचेही तसेच आहे. खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटमध्ये मुरतात, आतली सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि त्या दाबाने स्लॅबचा तुकडा सुटून पडतो. काही ठिकाणी बांधकामात खाडीची न धुतलेली वाळू वापरली गेल्याने हे लवकर घडते. रात्री धप्पकन काहीतरी पडल्याचा आवाज आला की इथला माणूस आधी वर बघतो आणि मग केरसुणी घेतो. पटकथेत हे कारण आधी मांडून ठेवले की पुढचा आवाज, ज्याच्यानंतर फरशीवर काहीच पडलेले नसते, आपोआप वजनदार होतो.

कुलूपबंद ब्लॉकविषयी तर सर्वांत जास्त गैरसमज आहे. कोकणातल्या इमारतींत मालक मुंबईत आणि ब्लॉक बंद, ही स्थिती इतकी सामान्य आहे की गणपती, शिमगा आणि मे महिना वगळता काही दारे उघडतच नाहीत. किल्ली शेजारच्या काकूंकडे असते आणि त्या महिन्या-दोन महिन्यांनी खिडक्या उघडून येतात. अशा दारावर कॅमेरा रोखून संगीत वाढवण्याने काहीही साधत नाही. त्याऐवजी जिन्याखालच्या मीटरच्या फळीकडे जावे. काळपट लाकडी फळीवर मीटर ओळीने बसवलेले असतात. प्रत्येकाखाली ऑइलपेंटने ब्लॉकचा क्रमांक लिहिलेला असतो, त्यातला एखादा पुसट झालेला असतो, तारांमध्ये कोळिष्टके असतात आणि इलेक्ट्रॉनिक मीटरवरचा बारीक लाल दिवा वीज जितकी जास्त खर्च होईल तितका भरभर लुकलुकतो. बंद ब्लॉकच्या मीटरचा दिवा जवळपास स्थिर असायला हवा. रीडिंग घेणारा माणूस आला की हे प्रेक्षकाला एकदा नीट दाखवावे. पुढच्या खेपेस तो दिवा सावकाश पण एकसारखा लुकलुकताना दिसावा, आणि महिनाअखेरीस केवळ स्थिर आकार यायला हवा तिथे काही युनिटचे बिल यावे. काकू मालकांना फोन करतील, मालक फ्रिज चालू राहिला असेल म्हणतील, आणि काकूंना आठवेल की फ्रिज गेल्या गणपतीत विकला होता. शेवटच्या टप्प्यात, साऱ्या गावाची वीज गेलेली असताना तोच दिवा एकदा लुकलुकला तर तेवढ्याने काम होते, कारण पुरवठाच नसताना तो लुकलुकणे अशक्य आहे, हे प्रेक्षकाला तोवर स्वतःहून उमगलेले असते.

सगळी भुते एकाच जिन्यात कोंबणे

मुंजा, हडळ, समंध, खवीस, गिऱ्हा ही नावे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधीच गेलेला मुलगा, आणि त्याची जागा पिंपळावर सांगतात. गिऱ्हा पाण्याशी बांधलेला असतो. समंधाची वासना मागे ठेवलेल्या घरादारात किंवा धनात अडकलेली असते. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात गिऱ्हा का आला, याचे उत्तर पटकथेत नसेल तर तो तिथे नको. एकच शक्ती घ्यावी आणि तिचे नियम शेवटपर्यंत पाळावेत.

इमारतीला सर्वांत चपखल बसते ती राखणदाराची कल्पना, आणि तिचा वापर फारसा कोणी करताना दिसत नाही याचे आश्चर्य वाटते. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीच्या दक्षिण भागात प्रत्येक जागेला राखणदार, म्हणजे तिचे रक्षण करणारी अदृश्य शक्ती, असतो आणि त्याला ठरल्या दिवशी नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले जाते, म्हणजे मोठ्याने विनवणी केली जाते, अशी श्रद्धा आहे. आता ती जागा बिल्डरला गेली, मूळ घर पाडले आणि बारा ब्लॉकांची सोसायटी झाली. नारळ कोणी ठेवायचा? जमीनमालकाचा मुलगा मुंबईत, बिल्डर मोकळा झालेला, आणि सोसायटीच्या जमाखर्चात नारळासाठी शीर्षकच नाही. वार्षिक सभेत हा विषय ‘आयत्या वेळच्या विषयांत’ निघतो आणि हसण्यावारी जातो, एवढ्या एका प्रसंगात अख्ख्या चित्रपटाचे बीज आहे. राखणदार मुळात दुष्ट नसतो, तो रुसलेला असतो, हा फरक मात्र सांभाळावा. त्याला रक्तपिपासू केले की कोकणी प्रेक्षक हातचा जातो.

मांत्रिकाला आणून मारहाणीने भूत उतरवण्याचा शेवट टाळलेला बरा. महाराष्ट्रात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे आणि भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारहाण करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. असा प्रसंग दाखवण्यास हरकत नाही, पण आजच्या काळातल्या इमारतीत तो घडत असताना एकाही शेजाऱ्याच्या मनात पोलिसांचा विचार येऊ नये, हे पटत नाही.

बोलीची गल्लत

मालवणी ही सिंधुदुर्गची बोली आहे. संगमेश्वर किंवा दापोलीतल्या पात्रांच्या तोंडी ती घालू नये. शिवाय मालवणी ऐकली की सर्वसाधारण प्रेक्षक हसायच्या तयारीत बसतो. म्हणून संवाद तुटक आणि कामापुरते ठेवावेत. “वयल्या ब्लॉकात कोण रवता?” “कोण नाय. मुंबयक असतत ते.” एवढे पुरते. त्यापुढे एकही म्हण नको.

पाऊस, दिवे आणि आवाज

खरा पाऊस कॅमेऱ्यात दिसत नाही, ही नवख्या चमूची दरवर्षीची तक्रार असते. पावसाच्या धारा दिसण्यासाठी त्यांच्या मागून प्रकाश यावा लागतो आणि पार्श्वभूमी काळोखी असावी लागते. समोरून दिवा टाकला तर कोसळत्या सरीतही चित्र कोरडे दिसते. ट्यूबलाइटच्या प्रकाशात चित्रावरून पट्टे सरकत असतील तर कारण साधे आहे. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने चोक-स्टार्टरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर आणावा. २४ फ्रेमच्या चित्रीकरणात शटरचा कोन १७२.८ अंश ठेवला की १/५० सेकंद मिळतो. वातानुकूलित खोलीतला कॅमेरा दमट हवेत नेल्यावर भिंगावर बाष्प धरते, तेव्हा बॅग बंदच ठेवून तिला बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे.

आवाजाची चूक मात्र संकलनाच्या टेबलावर लक्षात येते आणि तेव्हा उपाय उरत नाही. पत्र्याच्या शेडखाली पाऊस चालू असताना संवाद घेतले तर प्रत्येक टेकमध्ये पावसाचा जोर वेगळा असतो आणि दोन टेक एकमेकांना जोडताच येत नाहीत. संवाद उघडीप असताना घ्यावेत आणि पाऊस वेगळा ध्वनिमुद्रित करावा. तोही प्रत्येक मजल्यावर स्वतंत्रपणे, कारण वरच्या मजल्यावर पत्रा तडतडतो, मधल्या मजल्यांवर माडाच्या झावळ्यांची सळसळ जास्त येते आणि तळमजल्यावर पाइपातून कोसळणारे पाणी सगळे झाकून टाकते. हा फरक राखला तर डोळे मिटूनही प्रेक्षकाला आपण कोणत्या मजल्यावर आहोत ते कळते, आणि तळमजल्याच्या प्रसंगात वरच्या पत्र्याचा आवाज क्षणभर घुसवणे हे हातातले सर्वांत स्वस्त अस्त्र ठरते. प्रत्येक खोलीचा निदान मिनिटभर निव्वळ शांततेचा आवाजही घेऊन ठेवावा. समुद्राची गाज प्रत्येक दृश्याखाली पसरू नये; बाजारपेठेतल्या इमारतीत ती रोज ऐकू येत नाही.

अनेक जण भीतीसाठी खर्जातला घुमारा सतत चालू ठेवतात. मोबाइलच्या स्पीकरवर तो खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि असे चित्रपट बरेच लोक मोबाइलवर पाहतात. म्हणून महत्त्वाचा ध्वनी मधल्या पट्टीतला असावा: कडीचा, पावलांचा, टाकी भरून वाहू लागल्याचा.

दिवे बांधण्यासाठी जुन्या इमारतीचे सज्जे आणि कठडे वापरू नयेत. वर सांगितलेला गंज तिथेच सर्वांत आधी पोहोचलेला असतो. सोसायटीची परवानगी लेखी घ्यावी आणि तिच्या नावाची खरी पाटी चौकटीत येऊ देऊ नये, कारण ब्लॉक विकायला काढणाऱ्या रहिवाशाला पुढे त्याचा त्रास होतो.

संथ म्हणजे काहीच न घडणारे, असे समजणे

रिकाम्या जिन्याचा दीड मिनिटाचा शॉट आपोआप भीतिदायक होत नाही. प्रत्येक संथ दृश्याने इमारतीविषयी एक नवी गोष्ट सांगितली पाहिजे. चित्रपट कंटाळवाणा झाला अशी प्रतिक्रिया आली की दिग्दर्शक घाबरून भूत अलीकडे आणतो, आणि रोग पहिल्या वीस मिनिटांत असताना औषध शेवटाला दिले जाते. कच्चे संकलन झाले की ते पटकथा न वाचलेल्या चार-पाच जणांना दाखवावे, वीस मिनिटांनी थांबवावे आणि प्रत्येकाला कागदावर इमारत काढायला सांगावी: कोण कुठे राहतो, कुलूप कोणत्या दाराला आहे, पाण्याची मोटर कधी लागते. चित्रे एकमेकांशी जुळली नाहीत तर भुताच्या प्रसंगांना हात लावू नये. जी माहिती पोहोचली नाही तिच्यासाठी जिन्याचे आणि मीटरच्या फळीचे दोन-तीन साधे शॉट पुन्हा घ्यावेत. त्यांना कलाकार लागत नाहीत. चेअरमनांकडून आणखी एक सकाळ तेवढी मागून घ्यावी लागते.