'दो दिन का काम है' म्हणजे नक्की किती दिवस

दरवर्षी आपल्याकडचं कोणी ना कोणी मुंबईत जुना फ्लॅट घेतं, दुरुस्ती काढतं आणि महिन्याभरात मला फोन येतो, भाऊ मिस्त्री गायब झाला, काय करू. मी अमरावतीहून इथं आलो त्याला १९ वर्षं झाली, तीन घरांची कामं काढली, त्यातलं पहिलं अक्षरशः रडत केलं. फोनवर तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी डोक्यातून हे काढा की मिस्त्री 'आपला' असतो. अमरावतीत आमच्याकडे जो गवंडी यायचा त्याच्या बापानं आमची विहीर बांधलेली, त्याच्या पोरीच्या लग्नात आम्ही पंगतीत वाढलेलं, तो काम अर्धं टाकून जाणार कुठं, संध्याकाळी इतवारा बाजारात गाठ पडणारच. इथं तुमच्या मालाडच्या घरी लादी बसवणारा राहतो नालासोपाऱ्याला, त्याच्याकडे एक काम तुमचं, एक कांदिवलीचं, एक भाईंदरचं, तिन्ही एकदम धरलेली, कारण एकाच पार्टीवर बसला आणि तिनं पैसे अडकवले तर त्याचं घरभाडं बुडतं. म्हणून तो लबाड आहे असं धरून चालू नका. तो सगळ्यांनाच 'कल पक्का' म्हणतो, आणि ज्याच्याकडे जास्त आरडाओरडा किंवा जास्त पैसा तिकडे जातो.

आणि 'दो दिन का काम है' हे तो खोटं सांगत नसतो, फक्त ते हातात थापी धरून दोन दिवस असतात. त्यात माल यायला लागणारा वेळ नाही, प्लास्टर सुकायचा नाही आणि सोसायटीची वेळ तर नाहीच नाही. आमच्याकडे तोडफोड १० ते १ आणि ३ ते ६, रविवार बंद. माणूस ११ ला येतो, सिमेंट कालवेपर्यंत १२, एकला वॉचमन बेल मारतो. मी कुठल्याही कामाला सरळ तिप्पट दिवस धरतो आणि बायकोला चौपट सांगतो.

सोसायटीची परवानगी, डिपॉझिट, डेब्रिज म्हणजे तोडफोडीचा मलबा कुठं टाकायचा, लिफ्टनं माल न्यायचा की नाही, हे सगळं सेक्रेटरीला विचारा, प्रत्येक बिल्डिंगचं वेगळं असतं. बीम-कॉलमला हात लावू नका एवढंच.

आता सुट्ट्यांचं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी दिवाळीच्या आधी 'घर नवं करून टाकू' म्हणून काम काढलं होतं. मुंबईत कामगार कुठला आहे त्यावरून तुमचं कॅलेंडर ठरतं. यूपी-बिहारवाला होळीला जातो, गव्हाची कापणी असली तर तिकडेच थांबतो, दिवाळीनंतर आठवडाभरात त्यांची छठपूजा असते, म्हणजे दिवाळीच्या आधी निघालेला माणूस छठ करूनच परततो. प्लंबर बरेचसे ओडिशाचे, केंद्रापाडा जिल्ह्याकडचे, ते जूनच्या मध्यावर रज सणाला गावी. कोकणातला सुतार असेल तर गणपतीत त्याचा फोन लागणारच नाही. बंगालमधल्या मालदाकडचा गवंडी ईदला. आणि सगळ्यांची लग्नं मे महिन्यात. तेव्हा काम ठरवताना पहिलं विचारायचं, गाव कौनसा, जाना कब है. लाजू नका, त्यालाही बरं वाटतं कोणी गावाचं विचारलं की.

पैशाचं. रोजंदारीवर काम देऊ नका, नवख्या माणसाचं रोजंदारीचं काम रबरासारखं ताणलं जातं. मापावर ठरवलेल्या मजुरीवर द्या, माल तुमचा, आणि माप कशाचं धरणार ते आधी लिहून घ्या. रंगवाल्यानं फुटाचा भाव सांगितला की आपल्याला वाटतं ५०० फुटांचं घर, गुणिले भाव, झालं. अरे बाप्पा, तो भिंती आणि छत मोजतो, ५०० कार्पेटच्या घरात ते माप १५०० च्या वर जातं. खिडकी-दारं वजा होणार का, पुट्टी धरलीय का, रंगाचे हात किती, सगळं कागदावर. व्हॉट्सॲपवर टाकलं तरी चालतं, पण त्याच्याकडून 'ठीक है' यायला पाहिजे.

खर्ची हा शब्द शिकून घ्या. दर आठवड्याला माणसाला खाण्यापिण्याचे, हाताखालच्या बिगाऱ्याला द्यायचे पैसे लागतात, ती खर्ची, ती वेळेवर द्या, त्यात घासाघीस करू नका. पण खर्ची वेगळी आणि हिशोब वेगळा. झालेल्या कामापेक्षा एक रुपया पुढे गेला की माणूस भाईंदरच्या साइटवर. मी शेवटचे २० टक्के पैसे काम संपल्यावर महिन्याभराने देतो, हे पहिल्या दिवशी सांगतो, आणि महिन्याने स्वतः फोन करून देतो. म्हणून माझा मिस्त्री परत येतो.

हे शहाणपण फुकट नाही आलं. पहिल्या घराचं बाथरूम फोडलं तेव्हा मिस्त्रीनं खालपर्यंत खोदलं, नवीन पाइप टाकले, वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले आणि म्हणाला, साहब पानी भर दिया है, टेस्टिंग का. मी ऑफिसातून रात्री आलो, खड्ड्यात पाणी होतं, सकाळी निघालो तेव्हाही होतं, दुसऱ्या रात्रीही होतं. म्हटलं वा. त्यानं कोबा, म्हणजे लादीखालचा काँक्रीटचा थर, केला, लाद्या बसवल्या, मी सगळा हिशोब चुकता केला, वर ५०० रुपये मिठाईला दिले.

सहा आठवड्यांनी सकाळी साडेसहाला बेल वाजली. खालचे काका, बनियनवर, हातात एक भिंतीवरचं कॅलेंडर, पानं एकमेकांना चिकटलेली, खालच्या टोकातून पाणी टपकतंय. एक शब्द बोलले नाहीत. कॅलेंडर माझ्या हातात दिलं आणि खाली गेले. मुंबईचा माणूस असाच, आपल्यासारखा जिन्यात उभा राहून भांडणार नाही, दुपारी सेक्रेटरीचं पत्र येतं.

नंतर बिगाऱ्यानं सांगितलं तेव्हा कळलं, पाणी रोज सकाळी उतरत होतं आणि मिस्त्री आला की दोन बादल्या ओतत होता. त्याला वाटलं 'सूख गया होगा'. ऑगस्ट महिन्यात, मुंबईत, सूख गया. नव्या लाद्या फोडल्या, परत सगळं केलं, काकांचं छत रंगवून दिलं, एकूण ६२ हजार. घराच्या आतली गळती ज्याची त्यानं दुरुस्त करायची असा सोसायटीच्या आदर्श उपविधींचाही नियम आहे, तेव्हा तिथंही पळवाट नाही. मिस्त्रीला फोन केला तर म्हणे गाँव आया हूँ.

म्हणून हे नीट वाचा. वॉटरप्रूफिंग सुकल्यावर, कोबा आणि लादीच्या आधी, सांडपाण्याच्या नळीच्या तोंडात चिंधी कोंबून बंद करा, तीन-चार इंच पाणी भरा, आणि पाण्याच्या रेषेवर भिंतीला पेन्सिलनं खूण करा. पेन्सिलनं, खूण, करा. तारीख-वेळ लिहून फोटो काढा. बाथरूमच्या दाराला तुमचं कुलूप लावा, किल्ली खिशात. पूर्ण ४८ तास. आधी एकदा आणि नंतर एकदा खाली जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत टॉर्चनं बघा, जाताना काहीतरी खायला न्या. खूण आणि पाणी जागेवर असेल तर पुढे. मिस्त्री म्हणेल एक दिन बहुत है साहब, तर त्याला त्या दिवसाची मजुरी द्या आणि भाईंदरला पाठवा.

पावसाळ्यात रंग काढू नका. आपल्याकडे मेमध्ये भिंत दोन दिवसांत खणखणीत होते, इथं जुलैत पुट्टी आठवडाभर ओली राहते आणि पुढच्या वर्षी पापुद्रे. ओल्या जागेजवळच्या कपाटाला प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा, नुसतं 'मरीन है' ऐकून घेऊ नका. वायर-स्विच घ्यायला दक्षिण मुंबईतल्या लोहार चाळीच्या बाजारात एक चक्कर मारा, भाव कळतो, घ्यायचं नसलं तरी.

एक आपल्या लोकांबद्दल. 'गावाकडचा आहे' एवढ्यावर काम देणं सोडा. माझ्या ओळखीतल्या तिघांनी आपल्याच जिल्ह्याच्या ठेकेदाराला दिलं, कागद नाही, माप नाही, वर पूर्ण उचल, कारण दादा म्हणून हाक मारली होती. काम बिघडलं तेव्हा बोलताही येईना, त्याची मावशी यांच्या साळ्याला दिलेली. आणि दुसरे लोक, जे मिस्त्रीला चहासुद्धा विचारत नाहीत आणि घरातला संडास वापरू देत नाहीत, मग तो उशिरा येतो म्हणून रडतात. नालासोपाऱ्याहून लटकत आलेला माणूस आहे, पाणी तरी द्या.

माझ्या प्लंबरचा नंबर आता लगेच मागू नका. रजला गेलाय, जुलैशिवाय येत नाही, आमचाच फ्लश पंधरा दिवसांपासून गळतोय आणि खाली बादली ठेवलीय.